धूळपाटीपासून टाचणवहीपर्यंत : वर्गातील पाठाच्या पूर्वतयारीचा इतिहास

कोणत्याही शाळेचा इतिहास लिहावयास घेतला की प्रथम इमारतीची आठवण होते. जागा कोणी दिली, कोनशिला कोणाच्या हस्ते बसली, कोणत्या वर्षी विद्यार्थीसंख्या किती झाली, शालान्त परीक्षेचा निकाल किती लागला, याच्या नोंदी जपून ठेवलेल्या असतात आणि त्या जपल्या जाव्यात हेही योग्यच होय. परंतु ज्या पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासासाठी ही सारी उभारणी झाली, त्या तासात शिक्षकाने नेमके काय केले, याची नोंद फार थोड्या ठिकाणी आढळते. वस्तुतः वर्गात शिकवावे कसे आणि त्यासाठी आधी तयारी काय करावी, या प्रश्नालाही स्वतःचा असा प्रदीर्घ इतिहास आहे. तो अनेक देशांतून फिरून आपल्या मराठी शाळेत पोहोचला आहे आणि त्याचा आरंभ काही अंशी आपल्याच गावच्या ओसरीवर झाला आहे. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचा धावता परामर्श घेण्याचा प्रयत्न आहे.

आरंभीच एका शब्दाविषयी सांगितले पाहिजे. शिक्षक उद्याच्या पाठाची जी तयारी वहीत लिहून ठेवतात, तिला मराठीत ‘टाचण’ असे नाव आहे. लेखक व्यवसायाने कापड व्यापारी असल्याने त्याला हा शब्द प्रथम शिवणकामातला म्हणून भेटतो. कापड बेतून झाल्यावर पक्की शिलाई घालण्यापूर्वी दोन तुकडे कच्च्या दोऱ्याने जोडून घेणे म्हणजे टाचणे. अंगावर घालून पाहिल्यावर कोठे ओढ बसते, कोठे ढिले पडते ते कळते आणि मग टाचलेला दोरा उसवून पुन्हा बेत साधता येतो. पाठाच्या टाचणाचा सारा इतिहास या एका शब्दात आला आहे, असे वाटते. जेथे हा दोरा उसवता येण्याजोगा राहिला तेथे अध्यापन जिवंत राहिले, आणि जेथे टाचणालाच पक्की शिलाई समजले गेले तेथे ते निर्जीव झाले.

ओसरीवरची शाळा

इंग्रजी अंमलापूर्वी आपल्याकडील मुलांचे शिक्षण पंतोजींच्या शाळेत होत असे. ही शाळा देवळाच्या ओवरीत, धर्मशाळेत किंवा एखाद्या सधन गृहस्थाच्या ओसरीवर भरे. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरून तिच्यावर काडीने अक्षरे गिरवायची, ती धूळपाटी. अक्षर चुकले तर हाताने धूळ सारखी केली की पाटी पुन्हा कोरी. मुळाक्षरे, बाराखडी, अंक, पाढे, त्यापुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी आणि मोडी वाचन-लेखन असा तो क्रम होता. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. साडेतीन वार कापडाची किंमत मनातल्या मनात काढणाऱ्या जुन्या पेढीवरील मुनीमजींची हिशेबातील तत्परता याच शिक्षणातून आलेली होती. पंतोजींना वेतन मिळे ते बहुधा धान्याच्या रूपाने आणि सणासुदीच्या शिध्याने.

या शाळेचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. तेथे आजच्या अर्थाने ‘वर्ग’ नव्हता. एक मुलगा ‘अ’ गिरवीत असे, दुसरा वीसचा पाढा म्हणत असे, तिसरा मोडी पत्र वाचीत असे. प्रत्येक जण आपापल्या गतीने पुढे जाई आणि पुढे गेलेला मुलगा मागे राहिलेल्याला सांगे. म्हणून पंतोजींना पाठाचे टाचण काढण्याची आवश्यकता कधी भासली नाही. या पद्धतीचा गुण असा की, मागच्यावर पक्की पकड बसल्याखेरीज पुढचे शिकवले जात नसे. दोष असा की, पाठांतराच्या पलीकडे अर्थ समजावून देण्याकडे लक्ष फार थोडे होते आणि शिक्षेचा धाक मोठा होता. शिवाय ओसरीची ही पायरी गावातील मोठ्या समाजाला आणि बहुतेक मुलींना चढताच येत नव्हती, हेही विसरता येत नाही.

मद्रासहून लंडनला, लंडनहून मुंबईला

या ओसरीवरील रीतीचा पुढील प्रवास मोठा विस्मयकारक आहे. अँड्र्यू बेल नावाचे स्कॉटिश धर्मोपदेशक १७८९ पासून मद्रासजवळ एग्मोर येथील अनाथ मुलांच्या शाळेची देखरेख करीत होते. आसपासच्या देशी शाळेतील मुले वाळूवर अक्षरे गिरवताना त्यांनी पाहिली आणि हीच रीत आपल्या शाळेत सुरू करावी असे ठरवले. शाळेतील शिक्षकाला ती मानवेना, म्हणून बेल यांनी एका लहान विद्यार्थ्याकडेच आपल्याहून लहान मुलांना शिकवण्याचे काम सोपवले. तो प्रयोग यशस्वी झाला. त्याचा वृत्तान्त बेल यांनी १७९७ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केला आणि त्याच सुमारास लंडनच्या साउथवर्क भागात जोसेफ लँकेस्टर यांनीही अशाच तऱ्हेची शाळा चालवली. एक शिक्षक आणि त्याच्या हाताखाली कित्येक ‘मॉनिटर’ अशी ही व्यवस्था होती. आपल्या वर्गातील मॉनिटर हा शब्द त्याच वेळचा वारसा आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी ३ जून १८१४ च्या खलित्यात या भारतीय रीतीचा उल्लेख केलेला आहे; ती बेल यांच्यामार्फत इंग्लंडला गेली हे त्यांनी मान्य केले. पुढे हीच पद्धत ‘सुधारलेली’ म्हणून मुंबई इलाख्यात परत आली. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी शिक्षणाविषयी जे प्रसिद्ध टिपण लिहिले, त्यात देशी शाळांतील शिकवण्याची रीत सुधारणे आणि शाळांची संख्या वाढवणे ही गोष्ट त्यांनी अग्रक्रमाने मांडली होती. १८२२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या आणि पुढे ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने मराठी पाठ्यपुस्तके छापली आणि शिक्षक तयार करून जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवण्याचा उपक्रम हाती घेतला. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी गणिताची पुस्तके मराठीत आणण्याचे काम याच संस्थेसाठी केले.

मॉनिटर पद्धतीत खर्च थोडा लागे, हे तिच्या लोकप्रियतेचे मोठे कारण होते. तथापि मॉनिटरला जेवढे येत असे तेवढेच तो सांगू शकत असे. ‘हे असे का?’ या प्रश्नाचे उत्तर त्याच्याजवळ नसे. स्वस्त शिक्षणाची ही मर्यादा लवकरच सर्वांच्या लक्षात आली आणि शिक्षकाने स्वतः वर्गासमोर उभे राहून शिकवले पाहिजे, हा विचार बळावत गेला.

वर्ग आला आणि त्याबरोबर योजना आली

एका शिक्षकाने अनेक मुलांना एकाच वेळी एकच विषय शिकवावा ही कल्पना युरोपात त्याआधी सुमारे दीडशे वर्षे एका निर्वासित धर्मगुरूने मांडली होती. मोराव्हिया प्रांतात १५९२ मध्ये जन्मलेले योहान आमोस कोमेनियस यांची पत्नी व मुले साथीच्या रोगात गेली, धर्मयुद्धामुळे मायभूमी सुटली आणि १६५६ मध्ये लेश्नो गाव जळाले तेव्हा त्यांची कित्येक हस्तलिखिते नष्ट झाली. अशा आयुष्यातही त्यांनी सर्व मुलांना, मुलग्यांना आणि मुलींना, आनंदाने शिकता यावे याचा शास्त्रशुद्ध विचार केला. वर्षाचे काम महिन्यांत, महिन्याचे दिवसांत आणि दिवसाचे तासांत वाटून द्यावे. सोपे आधी, अवघड नंतर. वस्तू आधी, शब्द नंतर. ही त्यांची शिकवण होय. १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘ऑर्बिस पिक्टस’ हे सुमारे दीडशे चित्रांचे पुस्तक म्हणजे आजच्या सचित्र पाठ्यपुस्तकांचे पूर्वज म्हणता येईल. वार्षिक नियोजन आणि घटक नियोजन हे शब्द आपल्या शिक्षकांच्या नित्य परिचयाचे आहेत; त्यांचे मूळ येथवर नेता येते.

कोमेनियसनंतर स्वित्झर्लंडमधील पेस्टालॉझी (१७४६–१८२७) यांनी या विचाराला कृतीची जोड दिली. १७९८-९९ च्या हिवाळ्यात श्टान्स येथे युद्धात पोरकी झालेली मुले त्यांनी सांभाळली. हाताशी पुस्तके नाहीत, साधने नाहीत, सहकारी नाहीत. मुलांच्या डोळ्यांसमोर असलेल्या वस्तू, त्यांचे आकार, त्यांची संख्या आणि त्यांची नावे यांतूनच त्यांनी शिक्षण दिले. पाहणे आणि हाताळणे हाच ज्ञानाचा पाया, हे त्यांनी दाखवून दिले. मात्र त्यांची पद्धत त्यांच्या प्रेमळ स्वभावाशी इतकी निगडित होती की, दुसऱ्या शिक्षकाला ती पायरी-पायरीने शिकून घेणे कठीण होते.

पाच पायऱ्या

ते काम केले योहान फ्रीडरिख हर्बार्ट या जर्मन तत्त्वज्ञाने. १७७६ मध्ये ओल्डेनबुर्ग येथे जन्मलेले हर्बार्ट तरुणपणी स्वित्झर्लंडमध्ये एका घरी मुलांचे खासगी शिक्षक होते आणि १७९९ मध्ये त्यांनी बुर्गडॉर्फ येथे जाऊन पेस्टालॉझींची शाळा पाहिली. पुढे १८०९ मध्ये ते क्यॉनिग्सबर्ग विद्यापीठात, ज्या आसनावर पूर्वी कांट बसत त्या आसनावर आले आणि तेथे त्यांनी शिक्षकांसाठी अभ्यासवर्ग व सरावासाठी शाळा चालवली. मुलाचे मन रिकामे भांडे नसून त्यात आधीच काही कल्पना वस्तीला असतात, नवी कल्पना त्या जुन्या कल्पनांना जाऊन मिळाली तरच टिकते, हा त्यांच्या विचाराचा गाभा. आपण ज्याला ‘पूर्वज्ञान’ म्हणतो ते हेच. त्यांनी अध्यापनाचे चार टप्पे सांगितले. त्यांचे अनुयायी झिलर यांनी लाइपझिग येथे त्यातील पहिल्याचे दोन भाग केले आणि येना येथील विल्हेल्म राइन यांनी या पाच पायऱ्यांना सर्वांस समजतील अशी नावे दिली. पाठाच्या आरंभी मुलांना आजचा हेतू स्पष्ट सांगावा, हा नियमही याच परंपरेतला. मराठी टाचणवहीतील ‘हेतुकथन’ हा रकाना तेथून आलेला आहे.

या पाच पायऱ्या कशा असतात हे एका साध्या पाठावरून पाहू. विषय आहे बाष्पीभवन.

पहिली पायरी प्रस्तावनेची. शिक्षक विचारतात, ‘तुमच्या घरी धुतलेले कपडे कोठे वाळत घालतात? पावसाळ्यात ते लवकर का वाळत नाहीत?’ हे प्रत्येक मुलाला ठाऊक असते. येथे हेतुकथन होते : कपड्यातील पाणी जाते कोठे, ते आज पाहू. दुसरी पायरी विषय-प्रतिपादनाची. सारख्या मापाचे तीन ओले फडके घेतले. एक उन्हात पसरले, दुसरे घडी घालून उन्हात ठेवले, तिसरे सावलीत पसरले. तिसरी पायरी तुलनेची. कोणते आधी वाळले, कोणते शेवटी, आणि दोहोंत फरक काय होता, हे मुलांनी सांगायचे. चौथी पायरी सामान्यीकरणाची. ऊब, वारा आणि पसरलेला पृष्ठभाग यांनी पाण्याची वाफ लवकर होते, हा नियम मुलांच्या तोंडून यावयास हवा. शिक्षकांनी तो फळ्यावर लिहायचा तो त्यानंतर. पाचवी पायरी उपयोजनाची. चहा बशीत ओतला की लवकर का निवतो? मिठागराचे वाफे उथळ आणि पसरट का करतात?

चांगल्या पाठाची बहुतेक सारी मूलतत्त्वे येथे दिसतात. आरंभ मुलाच्या अनुभवातून, हेतू एकच आणि स्पष्ट, हाताने करून पाहणे, नियम शेवटी, आणि नियमाचा वापर नव्या ठिकाणी. इंग्लंडमध्ये हर्बर्ट स्पेन्सर यांनी १८६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या शिक्षणविषयक ग्रंथात साध्याकडून गुंतागुंतीकडे आणि मूर्ताकडून अमूर्ताकडे जाण्याची सूत्रे मांडली. ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ या सूत्रासह ती आपल्या अध्यापक विद्यालयांत वर्षानुवर्षे पाठ होत आली आहेत.

परंतु याच पायऱ्यांचे पुढे कर्मकांड झाले. कविता असो, इतिहास असो की उजळणी असो, प्रत्येक पाठ पाचच पायऱ्यांत बसवण्याचा हट्ट धरला जाऊ लागला. अमेरिकन विचारवंत जॉन ड्यूई यांनी १९१६ मध्ये हर्बार्टचे ऋण मोकळेपणाने मान्य केले; अध्यापनाला त्यांनी केवळ सवयीच्या आणि योगायोगाच्या क्षेत्रातून बाहेर काढले, असे त्यांचे मत होते. त्याचबरोबर, या विचारात शिक्षकाच्या कर्तव्याचे विवेचन विपुल आहे, मात्र मूल स्वतः काय करू पाहते याची दखल अल्प आहे, असा आक्षेपही त्यांनी घेतला. तो आक्षेप आजही विचार करण्यासारखा आहे.

महाराष्ट्रातील अध्यापक वर्ग

आपल्याकडे शिक्षकांना शिकवण्याचे काम कोणी केले, हेही पाहिले पाहिजे. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे १८४५ मध्ये मुंबईतील अध्यापक वर्गाची जबाबदारी आली. १८४८ मध्ये पुण्यात जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली. त्या शाळेत शिकवणाऱ्या सावित्रीबाईंनी अहमदनगर येथे मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे शिक्षण घेतले होते. शिकवण्यासाठी आधी शिकावे लागते, ही जाणीव त्या काळी किती थोड्यांना असेल! १८५४ च्या वुडच्या खलित्याने प्रत्येक इलाख्यात शिक्षक प्रशिक्षणाच्या संस्था असाव्यात असे सांगितले आणि पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून मराठी शिक्षकांच्या पिढ्या बाहेर पडू लागल्या. कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या विद्वानाने या कॉलेजाची धुरा वाहिली. माध्यमिक शिक्षकांसाठी मुंबईत १९०६ मध्ये सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघाले. हर्बार्टच्या पाच पायऱ्या विलायतेतील प्रशिक्षण संस्थांमार्गे अशाच कॉलेजांत पोहोचल्या आणि तेथून सरावपाठांच्या वहीत उतरल्या.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुले यांनी जे निवेदन सादर केले, ते अध्यापनाच्या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. शिक्षक प्रशिक्षित असावेत, ते शक्यतो शेतकरी वर्गातून आलेले असावेत म्हणजे मुलांत मिसळतील, त्यांना पुरेसा पगार असावा, आणि शिक्षणात मोडी-बाळबोध वाचन-लेखन व हिशेबाबरोबर शेतीची व आरोग्याची प्राथमिक माहिती असावी, अशा त्यांच्या मागण्या होत्या. मुलाच्या अनुभवापासून पाठाचा आरंभ करावा असे हर्बार्ट म्हणत. मुलाचा अनुभव ज्याला ठाऊक आहे असाच शिक्षक तो आरंभ करू शकेल, हे फुले यांनी ओळखले होते.

हाच विचार कर्मवीर भाऊराव पाटील यांनी पुढे नेला. कुंभोज येथे १८८७ मध्ये एका जैन कुटुंबात जन्मलेल्या या कर्मयोग्याने १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. खेड्यापाड्यांतून शाळा काढावयाच्या तर खेड्याची नाडी जाणणारे शिक्षक हवेत, म्हणून १९३५ मध्ये त्यांनी साताऱ्यास ग्रामीण शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज सुरू केले. शाळेआधी शिक्षक उभा करण्याचा हा दूरदर्शीपणा रयतच्या विस्ताराचा पाया ठरला.

टकळी आणि कुरण

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योग शिक्षणाची योजना तयार केली. उद्योगाशी सर्व विषयांचा ‘समवाय’ साधून शिकवावे, हे तिचे सूत्र. टकळीवर सूत काढताना तारा मोजल्या की गणित, कापूस कोठे पिकतो हे विचारले की भूगोल, भारतीय कापड परदेशी कसे जाई आणि पुढे ते का थांबले हे सांगितले की इतिहास. ज्याचे आयुष्य कापडाच्या गाठोड्यांत गेले त्याला या योजनेची थोरवी वेगळी सांगावी लागत नाही. एका वारात किती विद्या विणलेल्या आहेत हे तो रोज पाहतो. मात्र येथेही तेच घडले. कविता आणि व्याकरणसुद्धा टकळीला बांधण्याचा अट्टाहास काही ठिकाणी झाला आणि सहज जुळणारा समवाय ओढूनताणून आणला जाऊ लागला.

या उलट कोसबाडचे उदाहरण आहे. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला बालशिक्षणाचे काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचा प्रयोग आरंभला आणि १९५७ मध्ये तो कोसबाडच्या टेकडीवर नेला. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. माँटेसरीची महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती. म्हणून बिया, शंख-शिंपले, खडे, पाने यांतून साधने तयार झाली. वारली मुले शाळेत येत नाहीत असे दिसले, तेव्हा कारण शोधले गेले. मुले गुरे राखावयास जात होती. तेव्हा शाळाच गुरांमागे कुरणावर गेली आणि ‘कुरणशाळा’ जन्मास आली. अंगणात भरणारी ती अंगणवाडी, कुरणावर भरणारी ती कुरणशाळा. पाठाचे नियोजन म्हणजे काय, याचे याहून स्वच्छ उदाहरण मराठी मुलखात शोधूनही सापडणार नाही. येथे टाचलेला दोरा उसवून पुन्हा घातला गेला. मूल जसे होते तसे नियोजन बदलले गेले.

उद्दिष्टांची चौकट

स्वातंत्र्यानंतर परीक्षा सुधारण्याच्या निमित्ताने अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम १९५७-५८ च्या सुमारास भारतात आले. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वर्गीकरणातून ‘ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य’ ही उद्दिष्टे आणि त्यांची ‘स्पष्टीकरणे’ आपल्या टाचणवहीत आली. ‘मी काय शिकवणार’ याऐवजी ‘तासाच्या शेवटी मुलाला काय करता येईल’ असा प्रश्न शिक्षकाने स्वतःला विचारावा, हा त्यामागील हेतू उत्तम होता. १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झालेले सूक्ष्म अध्यापन १९७० च्या दशकात आपल्या प्रशिक्षण महाविद्यालयांत आले; पाच-सहा मिनिटांच्या छोट्या पाठातून प्रश्न विचारण्याचे किंवा फलकलेखनाचे एकच कौशल्य घोटून घ्यायचे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यापासून ‘ज्ञानरचनावाद’ हा शब्द रूढ झाला. मूल आपले ज्ञान स्वतः रचते, हा त्याचा आशय पेस्टालॉझींना किंवा ताराबाईंना अपरिचित वाटला नसता.

प्रत्येक वेळी टाचणवहीत नवे रकाने वाढले. जुने रकाने मात्र क्वचितच कमी झाले. परिणामी टाचण हा शिक्षकाच्या विचाराचा कच्चा टाका न राहता तपासणीसाठी दाखवायचा कागद झाला. तयार टाचणे बाजारात मिळतात. आता तर ती मोबाईलवरही मिळतात. ती उतरवून काढण्यात शिक्षकाची संध्याकाळ जाते, आणि ज्या मुलांसमोर उद्या उभे राहावयाचे आहे त्यांच्यापैकी कोणाला कालचे समजले नाही, याचा विचार करण्यास वेळ उरत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत असे म्हटले आहे. तरी अन्य कामांचा भार संपलेला नाही, ही शिक्षकांची तक्रार आपण सर्वांनी ऐकलेली आहे. या दोषाचे माप केवळ शिक्षकाच्या पदरात घालणे न्यायाचे होणार नाही. ज्या व्यवस्थेत वहीवरील सही मोजली जाते, तेथे वहीच लिहिली जाणार.

प्रश्न कोणी विचारायचा?

मराठी पाठ्यपुस्तकात प्रत्येक पाठाच्या शेवटी ‘स्वाध्याय’ हे शीर्षक छापलेले असते. हा शब्द आपल्या वाचकांना नवा नाही. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात स्वाध्यायाचे वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश असे पाच प्रकार सांगितले आहेत. ग्रंथ वाचणे, शंका विचारणे, मनात चिंतन करणे, शुद्ध पुनरुच्चार करणे आणि दुसऱ्यास सांगणे. त्याचे प्रयोजन आत्मिक आहे. पाच पायऱ्यांशी त्याची ओढून तुलना करणे उचित नव्हे. तथापि एक गोष्ट सहज नजरेत भरते. येथे विचारण्याचा अधिकार शिकणाऱ्याचा आहे. टाचणवहीत ‘प्रश्न’ या रकान्याखाली शिक्षकाचे प्रश्न असतात. विद्यार्थ्याने काय विचारले यासाठी रकाना नसतो. ड्यूईंचा आक्षेप नेमका याच ठिकाणी होता. पुस्तकातला ‘स्वाध्याय’ आज बहुधा गाळलेल्या जागा भरण्यापुरता उरला आहे, त्याला पृच्छनेची जोड मिळाली तर त्या शब्दाचे सार्थक होईल.

समारोप

चार शतकांच्या या प्रवासात नावे बदलली, पायऱ्या कधी चार झाल्या, कधी पाच, कधी अधिक. परंतु जे टिकले ते थोडेच आहे आणि ते साधे आहे. मुलाला काय ठाऊक आहे तेथून आरंभ करावा. एका तासात एकच गोष्ट नीट शिकवावी. सांगण्यापूर्वी दाखवावे, दाखवण्यापूर्वी हाताळू द्यावे. नियम मुलाकडून वदवून घ्यावा. शेवटी समजले की नाही हे पडताळावे, आणि समजले नसेल तर दोष प्रथम आपल्या बेतात शोधावा. धूळपाटीवरील अक्षर चुकले की पंतोजी धूळ सारखी करीत आणि पुन्हा गिरवण्यास सांगत. तेवढी मोकळीक शिक्षकाच्या टाचणालाही असली पाहिजे.

आपल्यापैकी कित्येक जण कोणत्या ना कोणत्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहेत, कित्येकांची नातवंडे शाळेत जात आहेत. इमारतीच्या दुरुस्तीची व संगणकांच्या खरेदीची चर्चा आपण अगत्याने करतो. पुढच्या खेपेस शाळेत जाल तेव्हा एखाद्या शिक्षकाजवळ निवांत बसून एवढेच विचारावे, ‘गुरुजी, उद्याचा पाठ कोणत्या प्रश्नाने सुरू करणार?’ त्यांनी आनंदाने उत्तर दिले तर ते मन लावून ऐकावे. आणि ‘विचार करायला वेळच मिळाला नाही हो’ असे ते म्हणाले, तर तो वेळ त्यांना कसा मिळवून देता येईल, हा विषय समितीच्या पुढच्या सभेपुढे घ्यावा.